लेखकाचा दिवस आणि लेखकाची कृती : मद्रासमधील तमिळ साहित्यिकांच्या संदर्भात

साहित्यकृतीचे मूल्यमापन करताना ती कोठे बसून, दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि कोणत्या उपजीविकेच्या आधाराने लिहिली गेली, हा प्रश्न समीक्षा बहुधा चरित्रकाराकडे सोपविते. एका दृष्टीने हे योग्यच आहे. लेखकाने सोसलेल्या हालअपेष्टांमुळे कृतीचा कस वाढत नाही आणि त्याच्या सुस्थितीमुळे तो उणावतही नाही. परंतु या योग्य भूमिकेतून एक अयोग्य सवय जडली आहे. लेखक लिहितो कधी, त्याला तो वेळ कोण देतो, त्या वेळेचे मोल कोणत्या स्वरूपात वसूल केले जाते, या गोष्टी जणू वाङ्मयाच्या बाहेरच्या आहेत असे मानले जाऊ लागले. वस्तुतः कृतीची लांबी, तिचे विभाग, तिच्यातील निवेदकाचे स्थान, क्वचित तिच्या वाक्यांची ठेवणसुद्धा या प्रश्नांशी निगडित असते. हे नाते नेमके कसे असते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार एखाद्या ठळक उदाहरणाच्या आधारे करणे इष्ट होय. मद्रास शहरातील तमिळ लेखकांच्या व्यवसायजीवनात असे उदाहरण सापडते.

1996 पासून चेन्नई या नावाने ओळखले जाणारे हे शहर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून तमिळ लेखनव्यवहाराचे केंद्र बनले. दैनिके, साप्ताहिके, छापखाने आणि चित्रपटनिर्मितीगृहे ही सारी या एकाच शहरात आली. मराठीत चित्रपट, वृत्तपत्र, प्रकाशन आणि विद्यापीठ यांची वाटणी मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा अनेक शहरांत झाली. शिवाय मराठीतील पुष्कळ लेखकांची उपजीविका अध्यापनावर चालली. वाङ्मयाने पोट भरण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. मद्रासला आलेल्या अनेक तमिळ लेखकांना मात्र लेखणीच्याच आसपास कोठेतरी पोट भरावे लागले. त्यामुळे लेखन आणि उपजीविका यांतील ताण तेथे अधिक उघडपणे पाहावयास मिळतो.

या ताणाचे पहिले मोठे उदाहरण पुदुमैप्पित्तन यांचे आहे. 1906 साली जन्मलेल्या या कथाकाराचे खरे नाव विरुधाचलम. 1933 साली सुरू झालेल्या ‘मणिक्कोडी’ या नियतकालिकाभोवती जमलेल्या नवलेखकांत त्यांची गणना होते. ‘दिनमणी’ आणि पुढे ‘दिनसरी’ या दैनिकांत त्यांनी नोकरी केली आणि त्याच काळात आधुनिक तमिळ कथेला तिचे वळण देणाऱ्या कथा लिहिल्या. अखेरीस ते चित्रपटाकडे वळले. ‘राजमुक्ती’ या चित्रपटाच्या लेखनासाठी ते पुण्यास आले, तेथे क्षयाने त्यांना ग्रासले आणि 1948 साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्रिवेंद्रम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची ‘कडवुळुम् कंदसामी पिळ्ळैयुम्’ ही 1943 मधील कथा या संदर्भात लक्षणीय आहे. मद्रासच्या ब्रॉडवे आणि एस्प्लनेडच्या नाक्यावर एक गृहस्थ उभे आहेत. ट्रामने घरी जावे की ते पैसे कॉफीवर खर्च करावेत, या विवंचनेत ते आहेत. त्यांना तेथे प्रत्यक्ष परमेश्वर भेटतो. हे गृहस्थ एका वैद्यकीय मासिकाचे चालक. परमेश्वर समोर आला असता ते मोक्षाऐवजी वर्गणी मागतात, तीही आजीव. मग आजीव म्हणजे कोणाचे आयुष्य, वर्गणीदाराचे की मासिकाचे, असा पेच उभा राहतो. कथेतील विनोद सर्वश्रुत आहे. त्या विनोदामागचे ज्ञान मात्र व्यवसायाचे आहे. मासिकाचे आयुष्य चालकाच्या खिशातील सुट्या पैशांशी कसे बांधलेले असते, हे वृत्तपत्राच्या कचेरीत दिवस काढलेल्या लेखकालाच इतक्या नेमकेपणाने ठाऊक असणार. पुदुमैप्पित्तन यांनी आपल्या दिवसातील अडचण कथेबाहेर ठेवली नाही आणि तिचे रडगाणेही केले नाही. तिच्या मापाने त्यांनी देवाला मोजले.

याच शहरात, याच दशकांत, लेखकाचा दिवस एका अगदी निराळ्या व्यवस्थेने बांधून काढला होता. ती व्यवस्था साप्ताहिकाची. एस. एस. वासन यांनी 1928 साली ‘आनंद विकटन’ हाती घेतले आणि ते तमिळ घराघरांत पोहोचविले. तेथेच नावारूपास आलेले ‘कल्की’ रा. कृष्णमूर्ती यांनी 1941 साली टी. सदाशिवम यांच्यासह ‘कल्की’ हे साप्ताहिक काढले. त्यासाठीचे भांडवल एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी ‘सावित्री’ या चित्रपटात केलेल्या नारदाच्या भूमिकेतून उभे राहिले होते. संगीत, चित्रपट आणि साप्ताहिक यांची गुंतागुंत यावरून ध्यानात येते. ‘पोन्नियिन सेल्वन’ ही चोळकालीन कादंबरी या साप्ताहिकात 1950 ते 1954 अशी साडेतीन वर्षे क्रमशः प्रसिद्ध झाली. मणियम यांची चित्रे तिच्या सोबतीला होती.

क्रमशः कादंबरी मराठी वाचकास अपरिचित नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ सुरू केले, आणि मराठी कादंबरीची प्रौढावस्था त्या साप्ताहिकाच्या पानांतच सिद्ध झाली. ‘कल्की’ यांच्या कादंबरीतील प्रकरणांची आखूड लांबी, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी राखलेली उत्कंठा, मागील प्रसंगाचे हळूच करून दिलेले स्मरण, पात्रांची विपुलता, या साऱ्या गोष्टींना आठवड्याच्या कालमानाचा आधार आहे. वाचकाला सात दिवस थांबावयाचे आहे आणि त्या सात दिवसांत त्याने विसरता कामा नये, ही अट लेखकाने स्वीकारलेली असते. ही अट म्हणजे दास्यच असते, असे मात्र मानू नये. ज्या लेखकाचे हस्तलिखित येण्यापूर्वीच त्यासाठी पाने राखलेली आहेत, चित्रकार सिद्ध आहे, छापखाना वाट पाहत आहे, त्यालाच पाच भागांच्या विस्ताराचे धाडस परवडते. संस्थेने लेखकाचा आठवडा ताब्यात घेतला, पण त्या बदल्यात त्याला वर्षे दिली.

या व्यवहारात वाचकाचेही बळ असते. जयकांतन यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. 1934 साली जन्मलेले जयकांतन कोवळ्या वयात मद्रासला आले, कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीत वाढले आणि तेथील छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम शिकले. पुढे त्यांनी लक्षावधी वाचकांच्या साप्ताहिकांत लिहिले, पण आपल्या अटींवर. 1966 साली ‘आनंद विकटन’मध्ये त्यांची ‘अग्निप्रवेशम्’ ही कथा आली. फसविल्या गेलेल्या मुलीला तिची आई डोक्यावर पाणी घालून शुद्ध मानते आणि पोटाशी धरते, या शेवटाने मोठी खळबळ उडाली. जयकांतन यांनी त्यावर लेख लिहून वाद घातला नाही. आईने तसे केले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न घेऊन त्यांनी ‘सिल नेरंगळिल सिल मनिदर्गळ’ ही कादंबरी लिहिली आणि आपली पूर्वीची कथा कादंबरीतील एका लेखकाच्या नावावर घातली. 1972 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचकांची पत्रे हा लेखकाच्या दिवसातील उपद्रव समजला जातो. येथे त्या उपद्रवातून कादंबरीची रचनाच निष्पन्न झाली.

स्त्रीलेखिकेच्या दिवसाचा प्रश्न याहून वेगळा होता. तिला प्रथम घरातील कामांतून वेळ आणि अक्षरओळख या दोन्ही गोष्टी मिळवाव्या लागत. वै. मु. कोदैनायकी अम्माळ यांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. त्यांची आरंभीची रचना त्यांनी सांगितली आणि मैत्रिणीने लिहून घेतली. 1925 साली त्यांनी ‘जगन्मोहिनी’ हे मासिक हाती घेतले आणि ते अनेक वर्षे चालविले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक कादंबऱ्या आहेत. आजची समीक्षा त्या कादंबऱ्यांना वरच्या श्रेणीत बसवील असे नाही. परंतु सांगण्याच्या ओघात घडलेले गद्य आणि मासिकाची मालकी स्वतःकडे ठेवण्यातील दूरदृष्टी या दोन बाबी लक्षात घेतल्यावाचून त्यांच्या लेखनाची विपुलता उलगडत नाही. हस्तलिखित नाकारण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे राहू नये, एवढी व्यवस्था त्यांनी केली होती.

मालकीचाच मार्ग, पण नेमक्या उलट हेतूने, सी. सु. चेल्लप्पा यांनी पत्करला. 1959 च्या जानेवारीत त्यांनी ‘एळुत्तु’ (लेखन) हे मासिक काढले. साप्ताहिकांनी वाचकांच्या आवडीला जे वळण दिले होते त्याचा प्रतिवाद करणे, समीक्षेला जागा देणे आणि मुक्त छंदातील नव्या कवितेला घर मिळवून देणे, हा त्यांचा उद्देश होता. नव्या तमिळ कवितेचा इतिहास ‘एळुत्तु’ वगळून लिहिता येत नाही. मराठीत ‘सत्यकथा’ने नवकथा-नवकवितेसाठी जे केले आणि 1954 नंतर ‘शब्द’सारख्या अनियतकालिकांनी ‘सत्यकथे’च्याही बाहेर जे करू पाहिले, या दोहोंचे काही अंश ‘एळुत्तु’त एकवटलेले दिसतात. भेद असा की ‘सत्यकथे’च्या पाठीशी मौजेचा छापखाना आणि प्रकाशनसंस्था होती. चेल्लप्पांच्या पाठीशी त्यांच्या घरावाचून काही नव्हते. पुस्तकांचे गठ्ठे खांद्यावर घेऊन गावोगावच्या महाविद्यालयांत ते स्वतः विक्री करीत. 1970 साली मासिक बंद पडले तोवर त्याचे 119 अंक निघाले होते.

चेल्लप्पांचा दिवस संपादकाचा, मुद्रितशोधकाचा आणि विक्रेत्याचा होता. ‘वाडिवासल’ ही बैलाशी झुंजणाऱ्या माणसाची त्यांची लघुकादंबरी 1959 मधील, म्हणजे मासिकाच्या पहिल्याच वर्षातील आहे. तिच्यात एका दुपारचा खेळ आहे आणि पसारा मुळीच नाही. थोड्या मोकळ्या वेळाला साजेसे रूप म्हणून तिच्याकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. पण येथेच सावध राहिले पाहिजे. याच लेखकाने वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास ‘सुदंदिर दागम्’ ही तीन भागांची विस्तीर्ण कादंबरी स्वतःच प्रसिद्ध केली, आणि तिला 2001 साली अकादमीचा मरणोत्तर पुरस्कार मिळाला. कोणत्याही संस्थेच्या आधारावाचून विस्तार शक्य झाला, याचे हे उदाहरण. तात्पर्य, दिवस कृतीवर दडपण आणतो, तिचे स्वरूप ठरवून टाकीत नाही. त्या दडपणाला लेखक कोणते उत्तर देतो, ते समीक्षेने पाहावयाचे असते.

हे उत्तर अशोकमित्रन यांच्या लेखनात सर्वांत स्पष्टपणे वाचावयास मिळते. जे. त्यागराजन हे त्यांचे मूळ नाव. 1931 साली सिकंदराबाद येथे त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत नोकरीस होते. 1952 साली वडिलांचा मृत्यू झाल्यावर त्यांचे स्नेही असलेल्या वासन यांनी या एकवीस वर्षांच्या तरुणास मद्रासला बोलावून जेमिनी स्टुडिओत कामास ठेवले. 1966 पर्यंत ते तेथे होते. ज्या वासनांच्या साप्ताहिकात ‘कल्की’ मोठे झाले, त्यांच्याच निर्मितीगृहात अशोकमित्रन यांचे काम वर्तमानपत्रांची कात्रणे कापून विषयवार लावून ठेवण्याचे होते. एकाच धन्याच्या छायेत दोन लेखक, पण एकाच्या लेखनाची संस्थेला गरज होती आणि दुसऱ्याच्या लेखनाची तिला वार्ताही नव्हती.

या दिवसांचे वर्णन त्यांनी पुढे इंग्रजीत केले व ते 2002 साली पुस्तकरूपाने आले. त्यातील रंगभूषा विभागाची हकिकत शालेय पाठ्यपुस्तकामुळे देशभरच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. दिवसभर वर्तमानपत्रे फाडीत बसणाऱ्या या कारकुनास काहीच काम नाही, अशी सर्वांची समजूत होती. त्यामुळे जो तो त्याच्या खोलीत शिरून आपली कहाणी सांगे. नट, दिग्दर्शक वा गीतकार होण्यासाठी आलेला आणि गर्दीच्या दृश्यातील माणसांची तोंडे रंगविण्यात चाळिशी ओलांडलेला एक इसमही त्यांत होता. कात्रणे कापण्यामुळे त्यांची भाषा सुटसुटीत झाली, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. परंतु ज्याचे काम कोणाला दिसत नाही आणि म्हणून ज्याच्यासमोर सारे मोकळेपणाने बोलतात, अशा माणसाचे आसन त्यांना तेथे मिळाले, हे खरे. त्यांच्या कथांतील निवेदक पुष्कळदा याच आसनावर बसलेला असतो.

‘पुलिक्कलैञन’ (व्याघ्रनट) या कथेत हे विशेष जाणवते. एका निर्मितीगृहाच्या कचेरीत काम मागावयास एक कृश मनुष्य येतो. वाघाचे सोंग एवढीच त्याची विद्या. ती करून दाखविताना तो असा काही वाघ होतो की कचेरीतील माणसे भयचकित होतात. मग पुन्हा तो पहिल्यासारखा केविलवाणा याचक बनतो. पुढे त्याच्यासाठी संधी निघते तेव्हा तो त्या पत्त्यावर नसतो. निवेदक येथे कोणतेही भाष्य करीत नाही. करुणा व्यक्त करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्याला वाटत नाही, कारण तोही त्याच पगारपत्रकावरचा एक क्षुद्र नोकर आहे. अशोकमित्रन यांच्या गद्यातील संयमाची नेहमी प्रशंसा होते. तो संयम या ठिकाणी निवेदकाच्या सामाजिक स्थानातून उगवतो, केवळ शैलीच्या आवडीतून नव्हे.

नोकरी सोडल्यानंतर त्यांनी लेखनालाच वाहून घेतले. दिल्लीहून 1965 साली निघू लागलेल्या ‘कणैयाळी’ या मासिकाचे संपादकीय काम त्यांनी मद्रासमधून अनेक वर्षे सांभाळले. घर लहान होते, म्हणून त्यागरायनगरातील नटेशन उद्यानाच्या बाकावर बसून ते लिहीत. 1969 साली ‘करैंद निळल्गळ’ ही चित्रपटव्यवसायावरील कादंबरी आली. तिला नायक नाही. एक चित्रपट उभा राहतो आणि कोसळतो, त्या ओघात एकामागून एक माणसे पुढे येतात व विरून जातात. कोणाच्याही जीवनाची संपूर्ण हकिकत कळत नाही. निर्मितीगृहात माणसे जशी भेटतात व नाहीशी होतात, तोच क्रम कादंबरीने आपल्या रचनेत घेतला आहे.

1973 मधील ‘तण्णीर’ या कादंबरीत दिवस हाच विषय बनला आहे. पाणीटंचाईने गांजलेल्या मद्रासमधील एक गल्ली, खणून ठेवलेला रस्ता, पंपापाशी भांडी घेऊन उभ्या स्त्रिया आणि त्यांत जमुना. चित्रपटात जाण्याच्या आशेवर तिची फसवणूक झाली आहे. दिवसाचा उत्तम भाग एका घागरीसाठी खर्ची पडतो, तेव्हा माणसाच्या मनाचे, नात्यांचे, विचारशक्तीचे काय होते, हे या कादंबरीत घडताना दिसते. प्रकरणे आखूड आहेत. संवाद मध्येच तुटतात, कारण पाणी आल्याची हाक येते. घराबाहेर, उघड्यावर, उजेड असेतो लिहिणाऱ्या लेखकाला खंडित दिवसाची लय ठाऊक होती, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र त्याने ती आपल्या दुःखासाठी वापरली नाही. ज्यांना बाकावर बसण्याइतकीही फुरसत नव्हती, त्यांच्या हाती त्याने ती दिली.

त्याच वर्षी ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमास गेले. तेथे लेखकांना राहण्याची सोय व मोकळा वेळ दिला जातो. त्या अनुभवावरील ‘ओट्रन’ या पुस्तकात देशोदेशींच्या लेखकांचे एकाकीपण आणि लहानसहान विवंचना यांचेच चित्र अधिक आहे. वेळ मिळाला की लेखन होते, ही समजूत त्यातून टिकत नाही. 1977 मधील ‘पदिनेट्टावदु अट्चक्कोडु’ या कादंबरीत निजामी राजवटीच्या अखेरच्या दिवसांतील सिकंदराबाद आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा ज्या संस्थानाचा भाग होता, त्याचीच ही कथा असल्याने मराठी वाचकाला ती विशेष जवळची वाटावी. 1996 साली ‘अप्पाविन स्नेगिदर’ या कथासंग्रहास अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2017 साली अशोकमित्रन यांचे चेन्नईत निधन झाले.

या साऱ्या उदाहरणांतून समीक्षेला उपयोगी पडतील असे तीन प्रश्न हाती येतात. लेखनासाठी वेळ कोणी दिला? हस्तलिखिताची वाट कोण पाहत होते? आणि ते नाकारण्याचा अधिकार कोणाकडे होता? ‘कल्की’ यांच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांचे उत्तर साप्ताहिक हेच आहे. चेल्लप्पा व कोदैनायकी अम्माळ यांनी तिसरा अधिकार मासिक काढून आपल्याकडे ठेवला. अशोकमित्रन यांच्या पहिल्या पर्वात वाट पाहणारे कोणीच नव्हते, आणि हीच त्यांची मोकळीकही होती.

हेच प्रश्न मराठीला लावून पाहता येतील. 1909 च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकांनी मराठी कथेचे एक वार्षिक कालमान बांधले. पावसाळ्यात कथा मागविणारी पत्रे येतात आणि त्या मागणीच्या बेताने कथेची लांबी ठरते. अध्यापक-लेखकाची कादंबरी पुष्कळदा मे महिन्याच्या सुट्टीची वाट पाहते. ‘सत्यकथे’चे संपादक कथा फेरलेखनासाठी परत पाठवीत. ती नाकारण्याच्या अधिकाराची एक सर्जनशील तऱ्हा होती. या गोष्टी आठवणींच्या पुस्तकांत विखुरलेल्या आहेत. रूपबंधाच्या चर्चेत त्यांना क्वचितच स्थान मिळते.

तमिळ प्रदेशाने लेखकाच्या मागे त्याच्या कृतींची काळजी घेण्याची एक परंपरा निर्माण केली आहे. सुब्रह्मण्य भारती यांच्या साहित्याचे हक्क मद्रास सरकारने 1949 साली आपल्याकडे घेतले आणि पुढे ते सर्वांस खुले केले. त्यानंतर वारसांना मोबदला देऊन अनेक लेखकांची पुस्तके अशाच रीतीने सार्वजनिक झाली. 1948 चा मद्रासचा ग्रंथालय कायदा हा स्वतंत्र भारतातील पहिला. त्याने ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले व पुस्तकांना एक स्थिर ग्राहक मिळाला. या दोन्ही गोष्टी स्तुत्य आहेत. पण पुदुमैप्पित्तन यांचे साहित्य 2002 साली सार्वजनिक झाले, तेव्हा त्यांच्या मृत्यूला 54 वर्षे लोटली होती. कृतीचे रक्षण करणाऱ्या व्यवस्था लेखकाच्या पश्चात कामास येतात. लिहिणाऱ्याचा दिवस मात्र तो जिवंत असतानाच कोणीतरी राखावा लागतो. तो कोणी राखला, किती राखला आणि त्या बदल्यात काय घेतले, याची नोंद लेखक हयात असताना झाली, तरच पुढील समीक्षकाला त्याच्या कृतीतील दिवस ओळखता येईल.